शाल पुरे, आता चार वर्षांचा हिशेब मांडू

निकाल लागले की उदगीरच्या मोहल्ल्यांमध्ये गुणगौरव सोहळे सुरू होतात. शादीखान्यात खुर्च्या मांडल्या जातात, स्टेजवर बॅनर लागतो, पाहुणे उशिरा येतात आणि इल्मची फजिलत सांगून लवकर जातात. मुलाच्या खांद्यावर शाल, हातात ट्रॉफी, रात्री सगळ्यांच्या स्टेटसला फोटो. आनंद खरा असतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या स्टेजवर एक प्रश्न कुणीच विचारत नाही: बेटा, आता कुठे जाणार, आणि चार वर्षांचे पैसे कुठून येणार?

आम्ही काही जण दरवर्षी जून-जुलैत मुलांचे प्रवेश अर्ज भरून द्यायला बसतो. शाल मिळालेली मुलं महिन्याभराने आमच्या टेबलापाशी येतात, तेव्हा चेहरे वेगळे असतात. एका मुलाचे अब्बू फळांचा गाडा लावायचे. निकालानंतर आठवड्यातच एका एजंटाने त्यांना गाठलं. "पुण्यात सीट आहे, उद्या राहणार नाही." घरातलं सोनं मोडून टोकन दिलं गेलं. नातेवाइकांत बातमी पसरली, "बच्चे को पुना भेज रहे." मुलाने सरकारी प्रवेश प्रक्रियेचा, म्हणजे सीएपीचा, अर्ज भरलाच नाही. सीट तर पक्की आहे, मग फॉर्म कशाला? पहिलं वर्ष सोन्यावर निघालं. दुसऱ्या वर्षी फी भरायला काही उरलं नव्हतं. तो मुलगा आज मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. काम हलालचं आहे, कमीपणा काही नाही. पण अभियंता होण्याइतकी त्याची हुशारी होती आणि त्याच्या घराला परवडेल अशी जागा त्याच्याच राज्यात, त्याच्याच विद्यापीठाच्या हद्दीत मिळणं शक्य होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: आपली मुलं मार्कांत कमी पडतात त्यापेक्षा हिशेबात आणि कागदांत जास्त कमी पडतात. गरिबी आहेच, भेदभावही आहे. पण ज्या सवलती आजच्या घडीला कायद्याने आणि शासन निर्णयाने आपल्या नावावर आहेत, त्याही आपण वेळेत उचलत नाही. ही चूक दुसऱ्या कुणी सुधारण्याची वाट बघायची गरज नाही.

आपलं राज्य म्हणजे नुसता नकाशा नाही

उदगीर हे सीमेवरचं गाव. इथून बिदर जवळ, हैदराबादला थेट रेल्वे, पुणे मात्र रात्रभराचा प्रवास. १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो, तेही बिदर जिल्ह्यात. आपल्या पणजोबांसाठी विद्यापीठ म्हणजे १९१८ साली सुरू झालेलं उस्मानिया. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ १९५८ साली औरंगाबादला मिळालं, आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ तर १९९४ सालचं. म्हणून आजही घरात शिक्षणाचा विषय निघाला की मामू म्हणतात, "हैदराबाद भेज दो, अपने लोग हैं, रहने की फिकर नहीं."

मामूंचं प्रेम खरं, पण हिशेब जुना. शिक्षणाच्या पैशाला राज्याची सीमा असते. तेलंगणाची फी-भरपाई तिथल्या रहिवाशांसाठी आहे. आपल्या महाडीबीटीवरच्या फी-सवलती मुख्यतः महाराष्ट्रातल्या संस्थांत, महाराष्ट्राच्या प्रवेश प्रक्रियेतून घेतलेल्या जागेसाठी आहेत. सीमा ओलांडली की तुम्ही दोन्हीकडून सुटता आणि पूर्ण फी भरणारे गिऱ्हाईक होता. मामूंच्या घरी राहिल्याने वाचणारं खोलीभाडं त्या फीपुढे कितीसं?

अकरावी-बारावीला बिदरला जाणाऱ्या मुलांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तिथे शिकवणं चांगलं असेल, निकालही लागत असतील. पण महाराष्ट्रात एमबीबीएसच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी, दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या असाव्या लागतात. अपवाद मोजके आहेत. म्हणजे नीटला चांगले मार्क पडूनही घरच्या राज्याच्या जागांवरचा हक्क जाऊ शकतो. हे अकरावीच्या प्रवेशाआधी कळलं तर उपयोग. बारावीच्या निकालानंतर कळून फक्त पश्चात्ताप होतो.

पहिल्या वर्षाची फी विचारू नका, चार वर्षांचं बिल मांडा

बहुतेक घरांत प्रश्न एकच असतो: "फी किती?" आणि उत्तर म्हणून पहिल्या वर्षाचा आकडा सांगितला जातो. हा प्रश्नच अपुरा आहे. एक कागद घ्या आणि प्रत्येक कॉलेजासाठी पाच ओळी लिहा: शिक्षण शुल्क, विकास व इतर शुल्क, खोली आणि मेस, प्रवास, पुस्तकं-लॅपटॉप-परीक्षा. त्यातून ज्या सवलती नक्की मिळणार त्या वजा करा. उरेल त्याला चारने गुणा.

उदाहरणापुरते आकडे धरू. तुमच्या कॉलेजचे खरे आकडे तुम्ही भरा. पुण्यात व्यवस्थापन कोट्यातली जागा: शुल्क दीड लाख, राहणं-खाणं महिना ९,००० प्रमाणे दहा महिन्यांचे ९०,०००, प्रवास व किरकोळ १०,०००. वर्षाला अडीच लाख, चार वर्षांचे १० लाख. आता नांदेड किंवा लातूरला सीएपीतून मिळालेली जागा: छापील शिक्षण शुल्क ९०,०००, त्यातलं निम्मं सरकार भरतं म्हणून ४५,०००, इतर शुल्क १०,०००, राहणं-खाणं ५०,०००, प्रवास ५,०००. वर्षाला १ लाख १० हजार, चार वर्षांचे ४ लाख ४० हजार. शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं तर वर्षाला ६५,०००, चार वर्षांचे २ लाख ६० हजार.

या हिशेबातून दोन गोष्टी दिसतात. एक, छापील फी आणि तुमच्या खिशातून जाणारी फी वेगळी असते. दुसरी, फी माफ झाली तरी खोली-मेसचे दोन लाख उरतातच. मुलं कॉलेज सोडतात ती बऱ्याचदा या दुसऱ्या आकड्यामुळे, कारण तो कुणी धरलेलाच नसतो.

आणि डोनेशन. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घेणं १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघता येते. एजंट सांगतो तो आकडा आणि तिथला आकडा जुळत नसेल, तर मधला फरक कुणाच्या खिशात जातो ते समजून घ्या. शिवाय व्यवस्थापन कोट्यातून गेलात की सरकारची फी-सवलतही गेली. म्हणजे जास्त पैसे देऊन आपण आपलाच हक्क सोडतो.

पैशाआधी कागद

सवलती कोणत्या ते थोडक्यात सांगतो. सगळ्यांना सगळं लागू होणार नाही, पण आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक गरीब घराला यातलं काहीतरी लागू होतं.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. जागा सीएपीतली हवी. ही सवलत एका कुटुंबातल्या दोनच मुलांना मिळते. तीन-चार भावंडांच्या घरात ती कुणी घ्यायची, हे आधी बसून ठरवा. नाहीतर जिचं शिक्षण महाग तिच्यासाठी काही उरत नाही.

टीएफडब्ल्यूएस ही वेगळी योजना. प्रत्येक शाखेत मंजूर जागांच्या वर ५ टक्के जागा असतात. उत्पन्नाची अट तीच, ८ लाखांची, आणि शिक्षण शुल्क पूर्ण माफ. या जागांचा पर्याय क्रमांक वेगळा असतो. तो क्रमांक तुमच्या पसंतीच्या यादीत टाकला नाही, तर गुण असूनही जागा मिळत नाही. किती मुलं निव्वळ हा क्रमांक न टाकल्यामुळे पूर्ण फी भरतात, ते आम्ही टेबलावर बघतो.

राज्याच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या उच्च शिक्षण शिष्यवृत्तीचा अर्जही महाडीबीटीवरच असतो. मात्र एकाच शुल्कासाठी दोन योजनांचे पैसे मिळत नाहीत, म्हणून तुम्हाला जास्त फायद्याची कोणती ते तपासून अर्ज करा. मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या कॉलेजांत, उदाहरणार्थ मुंबईचं साबू सिद्दीक, पनवेलचं काळसेकर किंवा नागपूरचं अंजुमन, ५१ टक्के जागा अल्पसंख्याक कोट्याच्या असतात. अर्जात 'धार्मिक अल्पसंख्याक' ही नोंद केली तरच त्यांचा विचार होतो. आणि हेही माहीत असू द्या की अशा संस्थांत ईडब्ल्यूएसचं आरक्षण लागू नसतं.

आता मुख्य अडचण. २०१४ साली राज्य सरकारने अध्यादेशाने मुस्लिमांमधल्या मागास गटांना ५ टक्के आरक्षण दिलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांमधल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं ५ टक्के आरक्षण रोखलं नाही. तरीही पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेश संपला. ही मागणी आपण करत राहिलं पाहिजे. पण तोपर्यंत दोन दारं उघडी आहेत. बागवान, कुरेशी, मोमीन, मन्सुरी-पिंजारी, आतार, तांबोळी अशा अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी उभी केलेली मुस्लिम ओबीसी चळवळ आणि तिला दिलीपकुमार यांनी दिलेली साथ यामागे आहे. जे या यादीत नाहीत त्यांच्यासाठी ८ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास ईडब्ल्यूएसचं दार आहे. शेख, सय्यद, पठाण आडनावाची किती मुलं आजही "आपण ओपन, आपल्याला काही नाही" म्हणून घरी बसतात! राज्याचं ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र वेगळं आणि केंद्राचं वेगळं, एवढंही कुणी सांगितलेलं नसतं.

ओबीसीचं दार उघडायला मात्र जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर लागतं. पुराव्याची तारीख १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची. आपल्याकडे गोची इथे होते. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. बागवान नाही, पिंजारी नाही. संस्थान काळातले महसुली कागद उर्दूत, त्यांचं भाषांतर करून घ्यावं लागतं. मग चुलत्यांचे, आत्यांचे, आजोबांच्या भावांचे दाखले शोधा. हे काम चार-सहा महिन्यांचं आहे, आणि आपण ते निकाल लागल्यावर सुरू करतो.

नावांचा गोंधळ वेगळाच. आधारवर 'शेख', टीसीवर 'शैख', मार्कमेमोवर इंग्रजीतलं तिसरंच स्पेलिंग. 'मोहम्मद' कुठे पूर्ण, कुठे 'मो.', कुठे 'महमंद'. आईचं नाव एका कागदावर 'बी' लावून, दुसऱ्यावर 'बेगम' लावून. महाडीबीटीचे पैसे आधार जोडलेल्या बँक खात्यातच येतात. नाव जुळलं नाही की अर्ज अडतो. हे दुरुस्त करायची वेळ दहावीची आहे, दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्यापूर्वीची. नंतर प्रत्येक दुरुस्तीला राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि खेटे.

बहिणीची फी माफ आहे, तिला घरी बसवू नका

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास प्रवर्गातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पूर्वी ही सवलत निम्मी होती. जागा सीएपीतली हवी. अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठं यातून वगळली आहेत. म्हणून नुसतं 'युनिव्हर्सिटी' हे मोठं नाव बघून मुलीचा प्रवेश घेऊ नका. संस्था कोणत्या प्रकारची आहे ते आधी विचारा. प्रवेशाच्या वेळी अशा मुलींकडून शिक्षण शुल्क मागू नये, अशा सूचना शासनाने कॉलेजांना दिलेल्या आहेत. कुणी "आधी भरा, नंतर परत मिळेल" म्हणालं तर शासन निर्णयाची प्रत दाखवा आणि लेखी मागा.

तरीही आपल्या घरांत काय होतं? भावाच्या व्यवस्थापन कोट्यासाठी प्लॉट विकला जातो आणि बहिणीला, जिची फी माफ आहे तिला, "इधर ही बीए कर ले" म्हणून थांबवलं जातं. बीए वाईट नाही. पण तिने निवडलेलं असेल तर. अडचण फीची नसून राहण्याची आणि काळजीची आहे, हे मान्य करून त्यावर बोललं पाहिजे. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाने अनेक जिल्ह्यांत मुलींची वसतिगृहं बांधली आहेत. ओबीसी मुलामुलींना वसतिगृहात जागा न मिळाल्यास राहण्या-खाण्यासाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. एका मोहल्ल्यातल्या चार मुली एकाच शहरात गेल्या, तर खोली, प्रवास आणि घरच्यांची झोप हे तिन्ही प्रश्न सुटतात. अब्बूंशी भांडण्यापेक्षा हा प्रस्ताव घेऊन बसा.

उदगीरमध्येच काय आहे ते बघितलं का?

लातूर पॅटर्नने आपल्याला एक सवय लावली: नीट नाहीतर काहीच नाही. दोन-दोन वर्षं रिपीट, प्रत्येक वर्षी क्लास, खोली, मेस. दोन रिपीटचा खर्च मोजा. एका पदवीचा खर्च निघतो.

आणि आपल्याच गावात महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची तीन सरकारी महाविद्यालयं आहेत: पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञान. पशुवैद्यक साडेपाच वर्षांचं आणि नीटमधून; पण बी.टेक. दुग्धतंत्रज्ञान आणि मत्स्यविज्ञानाची पदवी या चार-चार वर्षांच्या आहेत. राज्यभरातून मुलं यासाठी उदगीरला येऊन खोली करून राहतात. उदगीरचा मुलगा घरून जेवून सायकलवर जाऊ शकतो. दुग्धतंत्रज्ञानाचा पदवीधर डेअरीत, गुणवत्ता तपासणीत जातो; अन्न सुरक्षा अधिकारी पदाच्या शैक्षणिक पात्रतेतही ही पदवी बसते. देवणी गाईचं नाव ज्या गावावरून पडलं ते शेजारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या जनावरांची आणि दुधाची पारख असलेली घरं आपल्या मोहल्ल्यात. तरीही या कॉलेजांबद्दल आपल्या मुलांना विचारलं तर उत्तर येतं, "वो जानवरों का कॉलेज?" ही हेटाळणी महाग पडते आहे. लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कृषी महाविद्यालय आहे, नांदेडच्या विष्णुपुरीला १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था आहे. फार्मसी आणि नर्सिंगही चार वर्षांचंच.

ज्यांना खरोखर घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी नव्या शैक्षणिक धोरणाने साधी पदवीही चार वर्षांची केली आहे. संलग्न कॉलेजांत ती २०२४-२५ पासून सुरू झाली. यात घाबरण्यासारखं काही नाही. तीन वर्षांनी बाहेर पडलात तरी पदवी मिळते. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स आणि मग एम.ए. किंवा एम.एस्सी. एका वर्षाचं. घरात अडचण आली आणि एक-दोन वर्षांनी थांबावं लागलं तरी ठरलेली क्रेडिट्स पूर्ण केलेली असल्यास प्रमाणपत्र किंवा पदविका मिळते आणि क्रेडिट्स खात्यात राहतात. अर्थात थांबायची सोय आहे म्हणून थांबायचं नाही.

"पण पुण्यात कंपन्या आहेत"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला खरं उत्तर दिलं पाहिजे. इंटर्नशिप, कंपन्या, इंग्रजी बोलणारं वातावरण पुण्या-मुंबईत जास्त आहे. मराठवाड्यातल्या काही कॉलेजांची प्रयोगशाळा बंद आणि वर्ग रिकामे असतात, हेही खरं. म्हणून माझं म्हणणं "पुण्याला जाऊ नका" असं नाही. सीओईपी किंवा व्हीजेटीआयला नंबर लागला तर जरूर जा. असा मुलगा किंवा मुलगी खोलीभाड्यासाठी मागे राहिली, तर तो सगळ्या मोहल्ल्याचा दोष. मी बोलतोय ते पुण्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या सीटबद्दल. कॉलेज निवडताना शहर विचारू नका; मागच्या वर्षी त्या शाखेतून किती मुलं पास झाली, किती जणांना काय काम मिळालं, आणि तिथे शिकणाऱ्या दोन मुलांचं मत काय, ते विचारा. मराठवाड्यातलं कॉलेजही याच कसोटीवर घासा.

आणि पसंतीची यादी स्वतः बसून भरा, सायबर कॅफेवाल्याच्या भरवशावर नको. अभियांत्रिकीत २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तीच जागा अंतिम, असा नियम आला. पहिल्या क्रमांकावर 'बघू या' म्हणून टाकलेलं कॉलेज गळ्यात पडू शकतं.

व्याजाचा प्रश्न टाळून चालणार नाही

सगळं वजा करून जे उरतं ते कुठून आणायचं? बरीच घरं बँकेच्या शैक्षणिक कर्जापासून लांब राहतात, कारण सूद. या भावनेचा मी आदर करतो. मी मुफ्ती नाही आणि फतवा देत नाही. पण एक विसंगती बोलून दाखवतो. जे घर मुलाच्या शिक्षणासाठी व्याज नको म्हणतं, तेच घर लग्नाच्या हॉलसाठी, दहेजच्या फ्रीज-कपाटासाठी, मोटारसायकलसाठी फायनान्स कंपनीचे हप्ते भरतं, आणि अम्मी दर आठवड्याला मायक्रोफायनान्सच्या गटात बसतात. तिथलं व्याज बँकेच्या शैक्षणिक कर्जाच्या व्याजाहून कितीतरी चढं. तत्त्व पाळायचं तर सगळीकडे पाळू.

माझा क्रम असा आहे. आधी फी-माफी. मग शिष्यवृत्ती. मग घराजवळचा पर्याय किंवा वसतिगृह. मग कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी उसनवारी. बिरादरीच्या, मशिदीच्या बैतुलमालमधून. विद्यार्थी स्वतः जकातीस पात्र असेल तर जकातीचाही मार्ग आहे. आपल्या आलिमांना विचारा आणि रमजानमध्ये विचारा, जुलैत नको. एवढं करूनही भागलं नाही तर राज्याचं मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ बँकेपेक्षा कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देतं. केंद्राच्या योजनेत, कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर मान्यताप्राप्त संस्थेतल्या व्यावसायिक शिक्षणाच्या कर्जाचं शिकत असतानाचं व्याज सरकार भरतं. ते घ्यायचं की नाही, हा तुमच्या घराचा आणि तुमच्या ईमानाचा निर्णय. पण माहिती नसल्यामुळे न घेणं हा काही निर्णय नव्हे.

जमातीने काय करावं

गुणगौरव बंद करा असं मी म्हणत नाही. त्याचा अर्धा खर्च वळवा, एवढंच. एका कार्यक्रमाचा मंडप, जेवण, ट्रॉफ्या यांत एका मुलाचं वर्षभराचं मेस निघतं. कार्यक्रम करायचाच तर निकालानंतर करण्याऐवजी आठ-दहा महिने आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करा, आणि तो कागदांचा करा. जुम्म्यानंतर मशिदीच्या ओट्यावर दोन टेबलं मांडा. एकावर दहावीची मुलं आधारवरचं आणि टीसीवरचं नाव जुळतंय का ते तपासतील. दुसऱ्यावर अकरावी-बारावीची मुलं अधिवास, उत्पन्न, जात, वैधता, ईडब्ल्यूएस यांतलं काय आहे आणि काय नाही याची यादी करतील. मोहल्ल्यात उर्दू कागद वाचणारे बुजुर्ग अजून आहेत, त्यांना बसवा. वैधता मिळालेल्या घरांनी आपल्या प्रमाणपत्राची प्रत भावकीला द्यावी. आपल्याकडे ती लपवून ठेवतात, जणू दुसऱ्याला दिली तर आपली जाते. वडिलांकडच्या एका नातेवाइकाची वैधता पुढच्या दहा मुलांचा मजबूत पुरावा ठरते. हाही सदकाच आहे.

जी मुलं आज दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला आहेत, त्यांना वेगळी विनंती. महाडीबीटीचा अर्ज दरवर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो. तो विसरू नका. आणि जुलैत चार दिवस घरी येऊन त्या टेबलावर बसा. पसंतीची यादी कशी भरायची, कोणत्या कॉलेजात इतर शुल्काच्या नावाखाली काय मागतात, मेस कुठलं खाण्यासारखं आहे, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. एजंटाला हरवायचं तर त्याच्या आधी त्या घरी पोचायला हवं.

फळांचा गाडा लावणाऱ्या त्या अब्बूंनी नंतर एकदा मला विचारलं, "सर, तब बताने वाला कोई नहीं था क्या?" मी खाली बघितलं. स्टेजवर शाल द्यायला त्या दिवशी आम्ही अकरा जण होतो. यंदा त्यांचा धाकटा बारावीला आहे. त्याच्या वैधतेचे कागद आम्ही डिसेंबरातच जमा करून अर्ज भरला आहे.